गोठ्यातल्या गाईंचं वर्तन आणि कल्याण: एम.एस्सी.च्या डिसर्टेशनसाठी निरीक्षण कसं आखावं?

माणगंगा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे. डिसर्टेशनचा विषय ठरलाय तो असा: दावणीला बांधलेल्या आणि मुक्त संचार गोठ्यातल्या संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंच्या वर्तनाची व कल्याणाची तुलना. फलटण तालुक्यात दोन गोठे मिळालेत. एकात १४ गाई दावणीला आहेत, दुसऱ्यात २२ मोकळ्या. काम जानेवारी ते मार्च. आधी दीड महिना दावणीचा गोठा, मग दीड महिना मुक्त गोठा. मार्गदर्शक कीटकशास्त्रातले आहेत. मदत मनापासून करतात, पण गोठ्यातलं संशोधन हा त्यांचा विषय नाही.

सध्याचा आराखडा: रोज सकाळी ९ ते दुपारी ३ गोठ्यात बसून वहीत नोंदी. रकाने असे: बसणे, उभे राहणे, खाणे, रवंथ, पाणी पिणे, आनंदी, तणावात. मी आणि वर्गातली एक मैत्रीण मिळून नोंदी घेणार. सुमारे ३००० नोंदी होतील, त्यावर टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावायची.

विचारायचं आहे ते असं. निरीक्षणाची वेळ आणि पद्धत बरोबर आहे का? एवढ्या गाई पुरतात का? परवानगी कुणाची लागते? आणि पुढे याच विषयात शिकायचं आहे, पण बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) नाही, तर रस्ता कोणता?

---

रवंथ

सगळ्यात आधी 'आनंदी' आणि 'तणावात' हे दोन रकाने खोडा. गाय आनंदी दिसत नाही; ती कान मागे घेतलेली दिसते, शेपटी झटकताना दिसते, मान वळवून पाठ चाटताना दिसते. वहीत डोळ्यांना दिसलं तेवढंच जायला हवं, त्याचा अर्थ नंतर प्रकरण लिहिताना काढायचा. इथोग्राम म्हणजे नेमकं हेच: प्रत्येक वर्तनाची अशी व्याख्या, की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसानेही ती वाचून तीच नोंद करावी.

आपल्या बोलीतला 'बसणे' हा शब्दही इथे दगा देतो. पाय पोटाखाली घेऊन टेकलेली गाय आपण 'बसली' म्हणतो, कुशीवर सपाट पडलेलीलाही कित्येकदा तेच म्हणतो, आणि मागचा भाग टेकलेला पण पुढचे पाय ताठ अशी कुत्र्यासारखी बसलेली गाय दिसली तर तिच्यासाठी शब्दच नसतो. ही तिसरी स्थिती गाईत सहसा दिसत नाही आणि दिसली तर ती महत्त्वाची खूण आहे, म्हणून तिला वेगळा संकेत द्या. टेकलेली, आडवी, श्वानासन, उभी, असे चार संकेत पुरतील.

दुसरी चूक रकान्यांच्या रचनेत आहे. टेकून रवंथ करणारी गाय 'बसणे'मध्ये जाणार की 'रवंथ'मध्ये? एकच रकाना असेल तर सकाळी तुम्ही एकीकडे टाकाल आणि दुपारी थकल्यावर दुसरीकडे. म्हणून देहस्थिती एका रकान्यात आणि तोंडाचं काम दुसऱ्यात (खाते, रवंथ, काही नाही, दिसत नाही). रवंथ ओळखायला जबड्याची आडवी हालचाल पाहाच, पण खात्रीची खूण मानेवर असते: घास गिळला जातो, जबडा काही सेकंद थांबतो, आणि मानेच्या डाव्या बाजूने नवा गोळा वर चढताना दिसतो. एका गोळ्याला साधारण ४० ते ७० वेळा चावणं होतं. 'दिसत नाही' हा संकेत विसरू नका. तो नसेल तर माणूस अंदाज भरतो.

आता वेळ. दुभती गाय बरी जागा मिळाली तर दिवसाचे १० ते १२ तास, कधी त्याहून जास्त, टेकून काढते आणि त्यातला मोठा वाटा रात्रीचा असतो. ९ ते ३ म्हणजे तुम्ही तिच्या विश्रांतीचा सर्वांत कमी आणि सर्वांत उष्ण तुकडा पाहणार. शिवाय दोन गोठ्यांत वैरण वेगळ्या वेळी पडत असेल, तर तुम्ही मोजाल तो मालकाचा दिनक्रम. २४ तासांचं चित्रीकरण हवंच.

पद्धतीबद्दल: जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींची जी मांडणी केली तीच आजही पायाभूत मानतात. डोळ्यांत भरेल ते लिहिणं सर्वांत धोक्याचं, कारण ढुशी मारणारी गाय नोंदली जाते आणि कोपऱ्यात तासभर खाली मान घालून उभी असलेली सुटते. टिकून राहणाऱ्या स्थितीसाठी ठरावीक अंतराने स्कॅन घ्या, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक गाय काय करते एवढंच लिहा. टेकणं आणि खाणं यांना १० मिनिटांचं अंतर चालतं. दिवसाचे १४४ स्कॅन होतात. एखादी गाय त्यातल्या ६६ मध्ये टेकलेली असेल तर ११ तास. पण पाणी पिणं मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. ते १० मिनिटांच्या स्कॅनमध्ये निसटतं, म्हणून त्यासाठी सलग पाहणी लागेल. वेळ नसेल तर पाणी पिणं अभ्यासातून काढून टाका; अर्धवट मोजण्यापेक्षा ते बरं.

चित्रीकरणातून नोंदी करायला बोरिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तुरीन विद्यापीठातल्या लोकांनी तयार केलंय, साध्या लॅपटॉपवर चालतं.

---

पायथागोरसची_शाळा

वर्तनाचं वर आलंच आहे. मी फक्त आराखड्याबद्दल लिहितो, कारण तोंडी परीक्षेत पहिला घाव तिथेच बसेल.

तुमच्याकडे ३००० नोंदी नाहीत, ३६ गाईसुद्धा नाहीत. 'दावण की मुक्त' या प्रश्नापुरत्या तुमच्याकडे दोनच गोष्टी आहेत: एक गोठा असा आणि एक गोठा तसा. त्या दोघांत मालक वेगळा, धार काढणारा माणूस वेगळा, फरशी, मुरघास, पत्र्याची उंची, सगळंच वेगळं. फरक आढळला तर तो कशाचा, हे कुठलीही टेस्ट सांगू शकणार नाही. एकाच गाईच्या नोंदी एकमेकांशी बांधलेल्या असतात, आणि एका आवारातल्या गाई बहुतेक एकत्र टेकतात, एकत्र उठतात, म्हणून त्याही स्वतंत्र नव्हेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. ३००० नोंदींवर टी-टेस्ट लावली की पी-व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) कितीही लहान येते आणि तिला काही अर्थ नसतो.

शिवाय आधी दावण, मग मुक्त, या क्रमामुळे दावणीच्या वाट्याला जानेवारीची थंडी आणि मुक्त गोठ्याच्या वाट्याला मार्चचं ऊन येणार. उन्हाने गाई उभ्या राहतील आणि दोष मुक्त गोठ्याच्या माथी जाईल.

प्रामाणिक रस्ते दोन. एक, १५-२० गोठे घ्या, प्रत्येकाला एकदाच भेट द्या आणि गोठा हेच एकक धरा. तीन महिन्यांत जमण्याजोगं आहे, पण फिरणं खूप होतं. दुसरा, प्रश्न इतका लहान करा की बदल एकेका गाईला देता येईल, आणि प्रत्येक गाय आधी एका अवस्थेत व मग दुसऱ्या अवस्थेत पाहा. मग १२ गाई म्हणजे १२ फरक. गाय स्वतःशीच तोलली जाते, त्यामुळे वय, वेत, स्वभाव यांचा गोंधळ आपोआप कमी होतो. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

दोघी जणी नोंदी घेणार म्हणताय, तर कापा (kappa; योगायोग वगळून दोघींच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढावाच लागेल. 'आमचं ९० टक्के जुळलं' एवढ्याने भागत नाही. समजा रात्रीच्या १०० स्कॅनमध्ये दोघींनीही ८० वेळा 'टेकलेली' लिहिलं. तेव्हा डोळे मिटून लिहिलं तरी ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ०.६८ इतकं निव्वळ योगायोगाने जुळतं. खरं जुळलं ०.९०. कापा = (०.९० − ०.६८) ÷ (१ − ०.६८) = ०.६९. ऐकायला ९० टक्के, प्रत्यक्षात मध्यम. ०.८ च्या वर न्या. दोघींनी एकच दोन तासांचं चित्रीकरण न बोलता स्वतंत्रपणे नोंदवायचं. जिथे जुळत नाही तिथे इथोग्रामची व्याख्या दुरुस्त करायची, मैत्रिणीला नव्हे. काम अर्ध्यावर आलं की पुन्हा एकदा तपासा, कारण डोळा हळूहळू सरकतो.

---

खूर_आणि_कास

पशुवैद्यकाच्या बाजूने काही गोष्टी.

टेकण्याचे तास वाढले म्हणजे गाय सुखात आहे, हे समीकरण मांडू नका. लंगडणारी गायही जास्त वेळ टेकते. म्हणून प्रत्येक गाईचे पाय आधी तपासा आणि लंगडी गाय अभ्यासातून बाजूला काढून तिच्यावर उपचार सुरू करायला मालकाला सांगा. मोकळ्या गाईला चालवून गुण देता येतात, बांधलेलीला येत नाहीत. तिला उभ्या जागी पाहायचं: एकच पाय वारंवार उचलून टेकवते का, फरशीच्या कडेवर खूर ठेवून उभी राहते का, बाजूला सरकवली तर भार असमान पडतो का. दोन खुणा आढळल्या तर लंगडी धरा.

मागच्या पायाचा घोटा पाहताना केस गेलेला चट्टा, जखम आणि सूज हे तीन वेगळे लिहा. २ सेंटिमीटरपेक्षा लहान चट्टे मोजू नका. मानेवर दाव्याचा घट्टा आहे का हे हाताने चाचपून पाहा, हिवाळ्यातल्या केसांत तो झाकला जातो.

आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे गाय टेकते कशी. एकदा नीट पाहा. ती नाक जमिनीजवळ नेऊन हुंगते, डोकं एका बाजूकडून दुसरीकडे फिरवते, एक गुडघा वाकवते, मग दुसरा, क्षणभर गुडघ्यांवर थांबते, आणि मागचा भाग एका बाजूला सोडून देते. वेल्फेअर क्वालिटी या युरोपीय पद्धतीत (२००९) पहिला गुडघा वाकायला लागल्यापासून मागचा भाग टेकून पुढचा पाय अंगाखालून बाहेर काढेपर्यंतचे सेकंद मोजतात. ५.२ सेकंदांपर्यंत ठीक, ६.३ च्या वर गंभीर. फरशी कठीण असेल किंवा दावं आखूड असेल तर हुंगणं-डोकं फिरवणं पुन्हा पुन्हा होतं आणि गाय न टेकताच उभी राहते. असे फसलेले प्रयत्न मोजा, फार किमतीची नोंद आहे ती.

उठतानाही तसंच. गाय मागचे पाय आधी उचलते, आणि त्यासाठी तिला डोकं पुढे झोकावं लागतं. पुढे गव्हाणीची भिंत आणि वर आखूड दावं असलं की झोक मिळत नाही. मग काही गाई घोड्यासारख्या पुढचे पाय आधी रोवून उठतात. असं एकदा जरी दिसलं तरी वेळेसकट नोंदवा.

उष्णतेची नोंद ठेवल्याशिवाय मार्चचे आकडे वापरू नका. टीएचआय (तापमान-आर्द्रता निर्देशांक) = (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६). तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ७९ येतो, तेच ३५ अंश आणि ६० टक्क्यांना ८७. एचएफ संकरित गाईला ७२ च्या पुढे त्रास सुरू होतो असं धरतात. यंत्र गाईच्या खांद्याच्या उंचीवर, सावलीत लावा. पत्र्याला टांगलं तर पत्र्याचं तापमान मिळेल. जोडीला श्वास मोजा: कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. मिनिटाला ६० च्या वर गेली तर ती तापलेली आहे.

'मुक्त' या नावावर जाऊ नका, हेही सांगायला हवं. भारतीय मानकात मोकळ्या गोठ्यात गाईमागे छताखाली ३.५ आणि उघड्यावर ७ चौरस मीटर जागा धरली आहे. तेवढी नसेल, किंवा पाण्याचा हौद एकाच कोपऱ्यात असून तिथे दोन दांडग्या गाई अडून बसत असतील, तर दावं नाही म्हणून कल्याण झालं असं होत नाही.

परवानगी: प्राण्यांवरच्या प्रयोगांचं नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे आहे (पूर्वीचं नाव सीपीसीएसईए) आणि संस्थेच्या पातळीवर आयएईसी ही प्राणी नीतिमत्ता समिती असते. नुसतं पाहणं आणि गोठ्यात काही बदल करणं यांत फरक आहे. काहीही बदलणार असाल तर काम सुरू होण्याआधी अर्ज समितीपुढे न्या. समितीने 'गरज नाही' म्हटलं तरी ते लेखी घ्या. पुढे शोधनिबंध पाठवताना नियतकालिक तोच कागद मागतं. मालकाची संमतीही लेखी, मराठीत, आणि 'केव्हाही थांबवू शकता' या वाक्यासह.

---

माणगंगा

खूप खूप आभार. मुक्त गोठा सोडून देते. वरची दोन्ही उत्तरं एकत्र वाचल्यावर असं सुचलं: दावणीच्याच १४ गाई घ्यायच्या आणि फक्त दाव्याची लांबी बदलायची. आज आहे ती आखूड आणि त्याहून लांब. टेकायला-उठायला फरक पडतो का, एवढाच प्रश्न. हे चालेल का, आणि यात काय बिघडू शकतं? गाईंना म्होरकी आहे आणि गळ्यात पट्टाही. दावं पट्ट्याला बांधतात, कडी गव्हाणीच्या काठाशी आहे.

---

रवंथ

हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. आपल्याकडे दोन-चार गाई दावणीला बांधणारी घरं गावोगाव आहेत. मुक्त गोठ्याला लागणारी जागा त्यांच्याकडे नसते, पण दावं बदलणं त्यांच्या हातात आहे. आणि मुळालाही धरून आहे: ब्रिटनमधल्या ब्रँबेल समितीने १९६५ मध्ये पाळीव जनावराला किमान उभं राहता, टेकता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता यायला हवेत असं म्हटलं होतं. दावणीची गाय वळू शकत नाहीच. पण टेकणं, चाटणं, ताणणं या तिन्हींवर दाव्याच्या लांबीचा परिणाम होतो.

आखणी अशी करता येईल. १४ मधून लंगडी, आटवायला आलेली आणि नुकती व्यालेली गाय वगळा. १२ उरल्या तर सहा-सहाचे दोन गट, पण गट चिठ्ठ्या टाकून पाडा. दावणीत शेजारी उभ्या असलेल्या सहा जणींचा गट करू नका, कारण भिंतीकडची टोकाची जागा आणि मधली जागा यांत वाऱ्याचा नि उन्हाचा फरक असतो. पहिल्या गटाला लांब दावं, दुसऱ्याला आहे तेच. ७ दिवस सवयीचे, त्यांची नोंद नाही. मग ३ दिवस चित्रीकरण. मग अदलाबदल, पुन्हा ७ आणि ३. म्हणजे २० दिवसांत काम उरकतं आणि सगळं जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्यात बसतं. माजावर आलेली गाय त्या दिवशी टेकतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा तो दिवस गाळून कारण लिहा. लसीकरण असेल तर त्या आठवड्यात चित्रीकरण ठेवू नका.

मोजायचं काय: टेकण्याचे तास (स्कॅन), टेकायला लागणारे सेकंद (प्रत्येक गाईचे प्रत्येक टप्प्यात किमान सहा प्रसंग), फसलेले प्रयत्न, उठण्याची तऱ्हा, आणि मान मागे वळवून कुशीच्या मागचा भाग चाटणं. एवढंच. आणखी काही जोडायचा मोह होईल, तो टाळा.

लांबी ठरवताना सेंटिमीटरचा आकडा कुठून उचलून आणू नका, गाईवर मोजा. गाय टेकलेली असताना नाक कुशीला लावते तेव्हा दावं ताणलं जाऊ नये, ही खालची मर्यादा. गाय गव्हाणीशी उभी असताना दाव्याची सैल लोंबणारी वेटोळी गुडघ्याखाली जाऊ नये, ही वरची. तिच्या पुढे पुढचा पाय दाव्यात अडकतो. या दोहोंच्या मधली लांबी घ्या आणि प्रत्येक गाईची कडीपासून पट्ट्यापर्यंत मोजून लिहा. एकदम वाढवू नका, दोन दिवसांत दोन टप्प्यांनी वाढवा आणि पहिल्या रात्री गोठ्यात कुणीतरी जागं हवं. कडीकडे सुरगाठ मारा, निरगाठ नको. गाय अडकली तर एका ओढीत सुटली पाहिजे. उलट गळ्याचा पट्टा ओढला तरी आवळणारा नसावा. आखूड दावंही 'आहे तेच' ठेवा, अभ्यासासाठी आणखी आखूड कधीच नाही.

बिघडेल ते इथे: लांब दाव्याची गाय शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालते. मग खाण्याचे आकडे बिघडतात आणि मालकही वैतागतो. गव्हाणीत मध्ये आडवी फळी टाकली तर हे बरंचसं थांबतं, मात्र फळी दोन्ही टप्प्यांत असू द्या. दुसरं, गाय पुढे सरकून टेकली की शेण नालीऐवजी फरशीवर पडतं आणि कास माखते. धारेआधी कासेची स्वच्छता रोज १ ते ४ गुणांत लिहा. लांब दाव्याने टेकणं सुधारलं पण कास मळली, असं निघालं तर तेही तितकंच ठळक छापा; शेतकऱ्याला दोन्ही कळायला हवं.

गळ्याला सूज, पाय अडकणं किंवा वैरण खाणं सोडणं यांपैकी काहीही झालं तर त्या गाईचा प्रयोग तिथेच संपला, हे अर्जात आधीच लिहून ठेवा.

---

पायथागोरसची_शाळा

वरच्या आराखड्याला पुस्ती. विश्लेषण साधं ठेवा: प्रत्येक गाईचे तीन दिवसांचे सरासरी तास एका अवस्थेत, तसेच दुसऱ्या अवस्थेत, आणि १२ फरक. आलेखात १२ रेषा काढा, प्रत्येक गाईची एक. तो आलेख कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगतो. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर येत असेल तर मिक्स्ड मॉडेल (एकाच गाईच्या नोंदी एकमेकांशी बांधलेल्या आहेत हे धरणारं), त्यात गाय रँडम आणि टप्पा, क्रम व टीएचआय सोबत. शीर्षकात 'एका गोठ्यातील' हे शब्द येऊ द्या.

चित्रीकरणात दावं लांब की आखूड हे दिसणारच, त्यामुळे नोंद करणाऱ्याचं मन आधीच झुकतं. मैत्रिणीला तुमची अपेक्षा काय आहे हे सांगू नका आणि फाइलींचा क्रम विस्कटून द्या.

---

शिकतशिकवत

पुढच्या शिक्षणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

एम.व्ही.एस्सी.ला बी.व्ही.एस्सी. लागतेच, आणि ती नीटमधून, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. एम.एस्सी. झाल्यावर बहुतेकांना तो रस्ता लांब पडतो. पण पशुवैद्यक महाविद्यालयांचा उपयोग दुसऱ्या तऱ्हेने होतो. वर्तन आणि कल्याण हे विषय तिथे पशुधन उत्पादन व्यवस्थापन विभागात शिकवतात. तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याबद्दल विचारा. अर्ध्या पानाचा आराखडा आणि इथोग्राम सोबत पाठवा. 'सर, मार्गदर्शन हवंय' एवढ्याच मेलला उत्तर येणं कठीण.

परदेशात हा स्वतंत्र विषय आहे. एडिनबरा विद्यापीठात उपयोजित प्राणी वर्तन आणि प्राणी कल्याण यातली एम.एस्सी. १९९० पासून चालते, आणि प्राणिशास्त्राचे पदवीधर तिथे जाऊ शकतात. केंब्रिजमध्ये १९८६ मध्ये डोनाल्ड ब्रूम प्राणी कल्याणाचे जगातले पहिले प्राध्यापक झाले. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा प्राणी कल्याण विभाग दुभत्या गाईंवरच्या कामासाठी ओळखला जातो. मात्र तिथली मास्टर्स संशोधनाची असते, आधी एखादे प्राध्यापक तुम्हाला घ्यायला तयार हवेत. ब्रिटनची चीव्हनिंग (Chevening) शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर असेल तर पदवीनंतरचा २८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, तो आतापासून कागदोपत्री जमवा.

अर्जातल्या निवेदनात 'मला लहानपणापासून प्राणी आवडतात' हे वाक्य घालू नका. त्या जागी हे डिसर्टेशन घाला: प्रश्न का लहान केला, कापा किती आला, काय फसलं. निवडणारे हेच शोधत असतात.

वाचनात तीन गोष्टी पक्क्या हव्यात. टिनबर्गन यांचे १९६३ चे चार प्रश्न: वर्तन कशामुळे घडतं, आयुष्यात कसं विकसित होतं, त्याचा उपयोग काय, आणि ते उत्क्रांतीत कुठून आलं. फ्रेझर आणि सहकाऱ्यांची १९९७ ची मांडणी: कल्याण म्हणताना कुणी शरीराचं आरोग्य धरतो, कुणी भावना, कुणी नैसर्गिक जगणं. 'दूध भरपूर देते म्हणजे गाय मजेत' हे म्हणणं फक्त पहिल्यात बसतं आणि गोठ्यावर हे वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. तिसरं, मेलर आणि रीड यांची १९९४ ची पंचक्षेत्रांची चौकट (आहार, परिसर, आरोग्य, वर्तन आणि मानसिक अवस्था), जिच्यात २०२० मध्ये माणसाशी येणाऱ्या संबंधांचीही भर पडली. तुमचा अभ्यास यात कुठे बसतो ते प्रस्तावनेत दोन परिच्छेदांत लिहा.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या: ही पदवी घेऊन उपचार करता येत नाहीत. भारतात पशुवैद्यकाचा व्यवसाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरता आहे. तुमचं काम मोजण्याचं, सल्ल्याचं, शिकवण्याचं आणि संशोधनाचं राहील.

---

माणगंगा

सहमार्गदर्शकासाठी उद्याच मेल लिहिते. शेवटचा प्रश्न: कॅमेरे. दोन स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे मिळतील. पुरतील का?

---

रवंथ

१२ गाईंची एक रांग असेल तर दोन पुरतात. तीन-साडेतीन मीटर उंचीवर, गाईंच्या मागच्या बाजूने तिरपे लावा. समोरून लावले तर गव्हाणीआड पाय दिसत नाहीत, आणि सेकंद मोजायला गुडघा दिसलाच पाहिजे. सगळं लावण्याआधी एका रात्रीचं चित्रीकरण पाहून कडेच्या गाईचा गुडघा दिसतो का ते तपासा.

२ एमबीपीएस वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. दोन कॅमेरे, सहा दिवस: २६० जीबी. एक टीबीची डिस्क आणि तिची दुसरी प्रत. कॅमेरा स्वतःहून जुनं पुसून नवं भरत नाही ना, ते सेटिंगमध्ये पाहा. वीज जाते म्हणून लहान यूपीएस लावा, आणि रोज एकदा मोबाइलचं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरा, म्हणजे वेळ सरकली असेल तर नंतर जुळवता येते.

कानातला १२ आकडी बिल्ला चित्रात वाचता येत नाही. एचएफच्या ठिपक्यांवरून ओळखता येईल, त्यासाठी प्रत्येक गाईचे दोन्ही कुशींचे आणि मागून एक असे फोटो छापून जवळ ठेवा. पूर्ण काळ्या दोन-तीन असतील तर जनावरांसाठी मिळणाऱ्या रंगकांडीने पाठीवर खूण करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गडद करा, चाटून ती फिकी होते.

आणि कोळ्याचं जाळं. रात्री इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि भिंगासमोरचा एक धागा उजळून अख्खं चित्र पांढरं होतं. चित्रीकरणाच्या तिन्ही दिवशी संध्याकाळच्या धारेनंतर काठीला फडकं बांधून दोन्ही कॅमेरे पुसा, आणि भुशाची धूळ बसते म्हणून भिंग कोरड्या कापडाने वेगळं.